दोन याद्यांतला मामा

माझे होणारे मामेसासरे फेटा बांधून माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. मोबाइल दाखवत म्हणाले, "मेसेज आलाय. नवरीला मांडवात मी आणायचं म्हणे."

खिडकीशी बसलेला माझा मामा सकाळपासून गप्प का होता, ते मला आत्ता कळलं. ते काम त्याचं होतं.

चूक माझीच. लग्नातली कामं ज्याची त्याला मेसेजने कळावीत म्हणून मी लुआ नावाच्या छोट्या भाषेत प्रोग्रॅम लिहिला होता. माहेरच्या फोन नंबरांचं एक टेबल, म्हणजे यादी, सासरच्यांचं दुसरं, मग दोन्ही एकत्र. पण नावं लिहायच्या ऐवजी मी दोन्हीकडे नुसतं मामा, काका, आत्या असंच लिहिलं. एकत्र करताना सासरच्या मामांचा नंबर माझ्या मामाच्या नंबरावर जाऊन बसला आणि माझा मामा पुसला गेला.

हे सांगितल्यावर मामा उठला. "म्हणजे विसरली नव्हतीस? मला वाटलं, तुला आता मोठ्या गाडीवाला मामा मिळाला."

मामेसासरे ओशाळून परत निघाले, तर मामानेच त्यांना अडवलं. "आता आलाच आहात, तर डावा हात तुम्ही धरा."

दोन मामांच्या मधून मी हसत मांडवात पोचले. अंतरपाटापाशी नवरा एकटाच उभा होता आणि गुरुजी माइकवरून विचारत होते, "मुलाचे मामा कुठे दिसले का हो कुणाला?"