अडतंय कुठे?

एकसष्टाव्या दिवशी पाळी आली आणि तिनं वहीत तारीख लिहिली. त्याआधीचे आकडे पस्तीस, चव्वेचाळीस, एकोणतीस, बावन्न असे होते.

"यात काही सूत्र सापडतंय का?" नवऱ्यानं विचारलं.

"सूत्र असणारच. आपल्याला दिसत नाही, एवढंच."

ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होती. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजायची. सहकारी तिला 'दुर्बीण' म्हणत. दुसऱ्यानं पाहिलेलं तिला पटत नसे. स्वतः पाहिल्याशिवाय ती कुठल्या रिपोर्टवर सही करायची नाही.

लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेली. सोनोग्राफी झाली.

"बीजांड कधी उशिरा तयार होतं, कधी होतच नाही. म्हणून पाळीचा ताळमेळ नाही," बाई म्हणाल्या. "गोळ्या देते, रोज चालायचं. आणि यांचीही एक तपासणी करून घेऊ. टाळी एका हातानं वाजत नाही."

नवऱ्याला पुढचे दोन आठवडे काही सवड झाली नाही. मग एका सकाळी तो घरून नमुन्याची डबी घेऊन लॅबमध्ये आला. ऊब राहावी म्हणून डबी शर्टाच्या आत धरली होती. तिनंच तसं सांगितलं होतं.

"मी बघते गं," शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली. "घरचं घरच्यांनी बघू नये."

"मला बघायचंय."

तिनं थेंब काचपट्टीवर घेतला आणि भिंग फिरवलं. मग बराच वेळ मान वर केलीच नाही. वारूळ फुटावं तशी पळापळ चालली होती.

"काय म्हणतंय?" सहकारिणीनं विचारलं.

"झुंबड उडालीय."

घरी गेल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं, "तुझ्याकडे सगळं चोख आहे. घोडं माझ्यापाशीच अडलंय."

"होईल गं सगळं नीट," तो म्हणाला आणि गॅलरीतले कपडे काढायला गेला.

ती कामाला लागली. साखर सोडली, रोज तासभर चालली, अकरा किलो वजन उतरवलं. गोळ्यांनी पोटात ढवळायचं, तरी एक चुकवली नाही. कुणी नातेवाईक "गोड बातमी कधी?" म्हणून टोकायला लागला, की नवरा हळूच विषय बदलायचा. तिला कधी एका शब्दानं बोलला नाही. मावशी तर म्हणाली, "नशीब काढलंस पोरी. दुसरा असता तर घर डोक्यावर घेतलं असतं."

उपचारांच्या तिसऱ्या वर्षी वहीतले आकडे बदलले. तीस. एकोणतीस. तीस. तीस. सलग आठ महिने. सोनोग्राफीत बीजांडही वेळच्या वेळी दिसायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी सगळे कागद पुन्हा उलटून पाहिले.

"आता सगळं ठरल्या वेळी होतंय," त्या म्हणाल्या. "मग अडतंय कुठे?"

तो प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना. दुःखापेक्षा नवलच जास्त वाटत होतं. एका रविवारी भांडी पुसता पुसता तिनं नवऱ्याला विचारलं, "तुझी तपासणी परत एकदा करूया का? तीन वर्षं झाली."

"तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस ना?" तो शांतपणे म्हणाला.

तिनं पुढचं ताट पुसायला घेतलं.

त्याच आठवड्यात धाकटा दीर आला. पहिली नोकरी लागेपर्यंत तो त्यांच्याकडेच राहायचा, आता त्याचं लग्न ठरलं होतं. नवरा अजून कामावरून आला नव्हता. ती दिराला मुलीबद्दल खोदून खोदून विचारत होती आणि तो लाजत लाजत उत्तरं देत होता. मग तो मधेच थांबला.

"वहिनी, एक विचारायचं होतं. हसणार नसलीस तर."

"विचार की."

"मी इथे राहायचो ना, तेव्हा दादानं एकदा माझी डबी तुझ्या लॅबमध्ये नेली होती. म्हणाला, तुझंही लग्नाआधी एकदा बघून ठेवू. पुढे काहीच बोलला नाही, आणि मलाही विचारायची लाज वाटली." त्यानं आवाज आणखी खाली आणला. "ती तूच तपासली असशील ना? चांगलं होतं ना सगळं?"