पाच मिलिमीटर

बहिःस्थ परीक्षकांनी खिशातून कॅलिपर काढला, टेबलावरची इस्त्री उचलली आणि तो तिच्या मुठीला लावला. मग प्रबंधाचं एकशे अठरावं पान उघडलं. पानावर मुठीची जाडी चौतीस मिलिमीटर होती. कॅलिपर एकोणतीस म्हणत होता.

व्यासपीठावर उभी असलेली ती संशोधक डगमगली नाही. साडेचार वर्षं तिने या एका लाकडी मुठीवर काढली होती. दिवसभर इस्त्री करणाऱ्यांचा हात दुखू नये, अशी मूठ. एका मोठ्या लाँड्रीतल्या बाराही इस्त्र्यांना तिने ती बसवली आणि अकरा महिने दर सोमवारी फॉर्म भरून घेतले. टेबलावरची इस्त्री त्या बारांतलीच होती. आराम वाटतो का, एक ते पाच. सगळ्यांनी सगळीकडे पाच. इतका चांगला निकाल विभागात पूर्वी कधी लागला नव्हता, आणि त्याची शंकाही कोणाला आली नव्हती. पदवी हातात पडली की विभागातच कायमची नोकरी होती. आई तर दोन वर्षांपासून शेजारीपाजारी ‘आमची डॉक्टर’ सांगत सुटली होती. त्यातल्या एक मावशी मध्यंतरी गुडघा दाखवायला येऊन गेल्या होत्या.

“छपाईची चूक असेल,” मार्गदर्शक म्हणाले. प्रबंधातलं ऋणनिर्देशाचं पान तेवढं त्यांनी बारकाईने वाचलं होतं. परीक्षकांनी मान डोलावली. आकडा दुरुस्त करून द्या म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं. सुटका अशी आयती समोर आली होती.

पण माप तिचं होतं, आणि तीनदा घेतलेलं होतं. अकरा महिन्यांत ते लाकूड पाच मिलिमीटर झिजत नाही, हे त्या खोलीत तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. ती मागच्या रांगेकडे वळली. परीक्षा खुली असल्यामुळे लाँड्रीतल्या सगळ्यात जुन्या इस्त्रीवाल्या काकांना तिनेच आग्रहाने बोलावलं होतं. कौतुक होताना ते हवेत म्हणून. ते कडक इस्त्रीच्या शर्टात अंग चोरून बसले होते.

“काका, मुठीला कोणी हात लावला होता?”

काका उभे राहिले. कानसीने घासली, म्हणाले. पहिल्याच आठवड्यात. अंगठा बधिर व्हायचा. आधी स्वतःची घासली, मग बाकीच्या अकरांची, कारण सगळे त्यांच्याकडेच आले. वरून पुन्हा पॉलिश मारलं, ताईंना वाईट वाटू नये म्हणून. फॉर्मवर मात्र खोटं कोणी लिहिलं नाही. सोमवार येईपर्यंत आराम वाटतच होता.

कोणीतरी फस्सकन हसलं. पुढच्या रांगेत बसलेल्या आईने मागे वळून पाहिलं आणि हसणारा गप्प झाला. मार्गदर्शक घड्याळाकडे बघू लागले. परीक्षक जुने खेळाडू. हे तर उत्तमच झालं, म्हणाले. ‘वापरणाऱ्याचा सहभाग’ असं एक उपप्रकरण जोडा, दोन पानं पुरेत. पेन कागदाला टेकलं.

“सही थांबवा, सर.”

तिचा आवाज सकाळी सारांश सांगताना होता तसाच होता. पाचशे चौसष्ट फॉर्ममध्ये आपण एकच प्रश्न विचारला, ती म्हणाली, आणि तोही आपल्याला हवं ते उत्तर येईल असाच. दुसरा प्रश्न विचारून झाल्याशिवाय हा प्रबंध पुरा झाला असं ती म्हणणार नव्हती. चार महिने लागले तर लागू देत. नोकरीची मुदत चार आठवड्यांवर आली होती, हे समितीला ठाऊक होतं आणि आईलाही. आईने पर्सची चेन एकदा उघडली आणि पुन्हा लावली.

ती व्यासपीठावरून उतरली, मागच्या रांगेपर्यंत चालत गेली आणि काकांच्या शेजारच्या खुर्चीत वही उघडून बसली.

“काका, बसा. मूठ बाजूला राहू दे. हात दुखतो तो कशामुळे?”

काका बसले. एवढ्या शिकलेल्या माणसांसमोर बोलावं की नाही, या विचारात त्यांनी एकदा समितीकडे पाहिलं.

“इस्त्रीचं टेबल उंच आहे, ताई,” ते म्हणाले. “पण टेबल मालकाचं. त्याचे पाय कोण कापणार? मूठ तुमची होती. तुम्ही थोड्याच रागावणार होतात?”