चोंबडा कॅमेरा

“तुझा नवा कॅमेरा भारी चोंबडा आहे गं,” माझ्या स्टुडिओतल्या पडद्यावर आपला ताजा फोटो बघत इंदूमावशी म्हणाल्या. गालांवरचे देवीचे व्रण त्यात स्वच्छ दिसत होते. “तुझ्या बाबांच्या कॅमेऱ्याला ते दिसलेच नव्हते. म्हणून तर मुलगा मला बघायला तरी आला.”

लग्नाआधीच्या त्या फोटोची निगेटिव्ह मी स्कॅन केली होती. दोन्ही चेहरे शेजारी ठेवून मोठे केले. जुनाही तितकाच स्पष्ट निघाला. फक्त व्रणांच्या जागी केसाहून बारीक रेघा होत्या.

“बाबांची पेन्सिल,” मी म्हणाले. “भिंग लावून निगेटिव्हवरचा एकेक व्रण भरायचे ते.”

मावशींनी त्या रेघांवरून बोट फिरवलं.

“म्हणजे त्यांना सगळे दिसले होते. आणि मी जन्मभर कॅमेऱ्याचे आभार मानत बसले!”