बटाट्यांची थंडी

"स्वेटर आत गेल्यावर घाल," तो म्हणाला. "इथंच घातलास तर दार उघडेपर्यंत भाजून निघशील."

कोल्ड स्टोरेजच्या जाड दारापुढं त्याची बायको कापडी पिशवी पोटाशी धरून उभी होती. पिशवीला डांबरगोळ्यांचा वास येत होता. सकाळचे पावणेनऊ वाजले होते आणि बाहेरचा पारा आत्ताच अडतीसला टेकला होता. नऊला भोंगा व्हायचा, त्यानंतर उघड्यावर थांबायला बंदी. नऊलाच त्याची शेवटची पाळी संपणार होती आणि चाव्या नव्या ऑपरेटर बाईंकडे जाणार होत्या. एकतीस वर्षांत त्यानं बाहेरचं माणूस आत घेतलं नव्हतं, की आतला एक बटाटा घरी नेला नव्हता. बायको दर वर्षी टोमणा मारायची, "बटाट्यांनी नशीब काढलंय बाई. त्यांना थंडी, आणि मी बसते वारा घालत." तो हसण्यावारी न्यायचा.

पण मागच्या आठवड्यात पेपरात सरकारी अहवाल आला. येत्या तीस वर्षांत किनाऱ्यावरची किती गावं उठवावी लागतील, कुठली पिकं हाती लागणार नाहीत, वर्षातले किती दिवस माणसाला घराबाहेर काम करता येणार नाही, सगळं ओळीनं दिलेलं. तो मोठ्यानं वाचत होता, ती चहा गाळत होती. शेवटी बारीक अक्षरात होतं, की पहाटेचा पारा यापुढं चोवीसच्या खाली उतरण्याची शक्यता नाही. तेवढंच तिनं पुन्हा वाचायला लावलं.

"म्हणजे आता वाटही बघायला नको," ती म्हणाली, आणि कप त्याच्यापुढं ठेवला. त्याला तो चहा गेला नाही.

आता त्यानं दाराचा दांडा ओढला. आत तीन डिग्री होतं. दार मागं लागलं तशी ती जागच्या जागी थबकली, मग घाईघाईनं जांभळा स्वेटर अंगात चढवला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. बियाण्याच्या बटाट्यांचे क्रेट छतापर्यंत रचलेले होते. मधल्या बोळात ती उभी राहिली. तोंडातून वाफ निघाली, तशी तिनं मुद्दाम आणखी एकदा फुंकर मारून बघितली.

त्याला स्वतःला थंडीचं कौतुक उरलं नव्हतं. थंडीनंच त्याचे गुडघे खाल्ले होते. हमाल त्याला पाठीमागं थंडोबा म्हणायचे, आणि ते त्याला ठाऊक होतं. तिला मात्र आता भरून येईल, जुन्या गोष्टी निघतील, असं त्याला वाटत होतं. तिनं भलतंच विचारलं.

"किती वेळ थांबलं म्हणजे हाडापर्यंत जाते हो?"

"दहा मिनिटं. पण बास आता, आजारी पडशील."

"थांबा. मुरू दे जरा."

ती थांबली. ओठ निळसर झाले, दात वाजायला लागले, तेव्हा तिनं त्याची बाही ओढली. "चला, आता बाहेर."

"एवढ्यात? हेच हवं होतं ना तुला?"

"हे कुठं! चला लवकर, भोंगा होईल."

ती पुढं झाली. बोळातून निघताना तो क्षणभर मागं रेंगाळला, मग दार ओढून घेतलं.

नव्या ऑपरेटर बाई बाहेर उभ्याच होत्या. पोरगेल्याशा, थंडी गेल्यानंतर जन्मलेल्या. स्वेटरकडं त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्यानं चाव्या त्यांच्या हातात दिल्या. तेवढ्यात भोंगा झाला.

आवारात एकच पळापळ झाली. ड्रायव्हर गाड्या तशाच टाकून शेडखाली धावले, हमाल हातातल्या गोण्या टाकून त्यांच्या मागं. बायको मात्र सरळ चालत माल उतरवायच्या धक्क्याशी गेली आणि भर उन्हातल्या पायरीवर सूर्याकडं पाठ करून बसली. शेजारची जागा तिनं हातानं थोपटली.

"या ना," ती म्हणाली. "ऊन खायला."

ऊन खायला! किती वर्षांत त्याच्या कानावर हे पडलं नव्हतं. हल्ली ऊन लागायचं, ऊन माणसं न्यायचं. त्यानं शेडकडं एकदा पाहिलं, आणि जन्मात न मोडलेला नियम मोडून तो तिच्याशेजारी टेकला.

ऊन पाठीवर आलं आणि चावलं नाही. मानेवरून खाली उतरलं, खांद्यांत शिरलं, दुखऱ्या गुडघ्यांपर्यंत गेलं. त्याचे डोळे आपोआप मिटले. ही बाई आत थंडीसाठी गेलीच नव्हती, हे त्याला तेव्हा कळलं, आणि इतकी वर्षं तिचं बोलणं हसण्यावारी नेलं याचं फार वाईट वाटलं.

"काकू!" शेडखालून ऑपरेटर बाईंनी हाक मारली. "काही हरवलंय का तिथं? संध्याकाळी मी शोधून देते, आधी सावलीत या!"

"सापडलंय, बाई," बायको डोळे न उघडता म्हणाली. "दोन मिनिटं बसू दे."

दोनाची चार झाली असतील. तिच्या कपाळावर घामाचा थेंब आला. तिनं वरचं बटण काढलं. मग त्याच्या खालचं.

"गेली," ती म्हणाली.

त्यानं खिशात हात घातला. निघताना उचललेला बटाटा अजून गारठलेला होता. शेडकडं पाठ ठेवून त्यानं तो हळूच तिच्या ओंजळीत दिला.

तिनं बटाट्याकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं. बटाटा आधी एका गालाला लावला, मग दुसऱ्याला, मग मानेवर मागं दाबून धरला, आणि मोकळ्या हातानं काढलेली बटणं पुन्हा लावायला घेतली.