घुमी मुलगी

सराव पाठाला शाळेतली मुलं मिळाली नाहीत, की मिशनच्या त्या छोट्या डी.एड. कॉलेजात शिकायला आलेल्या सिस्टर आणि गावातून येणाऱ्या विद्यार्थिनी स्वतःच दुसरीतली मुलं होऊन बाकांवर बसत. कोणी खोडकर व्हायचं, कोणी रडकं, ते प्राचार्या ठरवत. आज शालनच्या वाट्याला घुमी मुलगी आली होती, आणि तिला बोलतं करायचं होतं सिस्टर मार्सेलिनला. धडा होता ‘माझे घर’.

“घरी कोण कोण असतं गं, बाळा?” सिस्टर मार्सेलिन तिच्या बाकाशी उकिडवी बसली.

शालन पदर पिळत राहिली. तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

“सांग ना. मी कुणाला नाही सांगणार.”

“मला घरी नाही जायचं,” शालन म्हणाली. “ते दार लावून मारतात. सकाळी तापलेलं उलथनं लावलं.”

मागे कुणीतरी खुदकन हसलं. सिस्टर मार्सेलिनने पद्धतीप्रमाणे तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि फळ्यावर घर काढलं, कौलारू, दाराला तोरण लावलेलं.

“हुबेहूब वठवलंस हो, शालन!” प्राचार्या म्हणाल्या. टाळ्या पडल्या. घंटा झाली तशा सगळ्या डबे खायला उठल्या.

शालन बाकावरच होती. बोलायची परवानगी मागणाऱ्या मुलीसारखा तिने हात वर धरला होता. काकणं कोपराकडे घसरली होती आणि मनगटावरचा चट्टा अजून ओला होता.

“सिस्टर,” तिने हाक मारली.

“पुरे गं आता,” फळ्यावरचं घर पुसता पुसता, मागे न वळता सिस्टर मार्सेलिन म्हणाली, “पाठ संपला.”