ढब्बूचा होकार

विमानतळावर प्राण्यांच्या खिडकीशी अधिकारीबाईंनी ढब्बूच्या गळ्यात बोलपट्टा बांधला. कुत्र्याच्या मनातलं आता त्यातून ऐकू येणार होतं.

"ओस्लोला स्वतःच्या मर्जीनं चाललायस?"

"होय," पट्ट्यातून आवाज आला.

श्रीरंगला हायसं वाटलं. प्राण्याच्या होकाराशिवाय त्याला परदेशी नेता येत नसे. म्हणून त्यानं आणि मृणालनं, बालवाडीच्या मुलाखतीसाठी पोराची करून घेतात तशी, महिनाभर ढब्बूची तयारी करून घेतली होती. भाड्याचा बोलपट्टा आणून रोज तोच प्रश्न. होय म्हटलं की पनीरचा तुकडा मिळायचा. नाही म्हटलं की दोघंही तोंड फिरवून बसायची. सुरुवातीला तो बऱ्याचदा नाही म्हणाला होता.

"विमानाची भीती वाटते?" बाईंनी विचारलं.

"होय."

"मग इथंच राहायचंय?"

"होय."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पढवून आणलंय का याला?"

"छे हो," मृणाल म्हणाली. "नवीन जागा आहे ना, गोंधळलाय."

बाई खाली बसल्या. "बाळा, तुला काय हवंय ते तूच सांग."

ढब्बूनं बाईंकडे पाहिलंच नाही. त्या दोघांचे उतरलेले चेहरे तो निरखत राहिला. शेपूट पायांत गेली.

"माझं काही चुकलं का?"

मृणालला त्याच्याकडे बघवेना. तिनं तोंड फिरवलं.

"होय," ढब्बू घाईघाईनं म्हणू लागला. "होय. होय. होय."