उघडा डोळा

नांदे गावच्या देवळात रोज सकाळी नव्या सोसायटीतले एक सर बायकांना ध्यान शिकवायचे. "श्वास मोजा, नाम घ्या, नाहीतर समईची ज्योत मनात आणा. जिला जे मानवेल, ते तिनं धरावं."

शेवंतानं आठ दिवसांत तिन्ही धरून पाहिलं. श्वास मोजायला जावं तर समोर धाकटी जाऊ प्रियंका, नाम घ्यावं तरी प्रियंकाच! नुकतं पाऊल टाकू लागलेली पोर मोकळी सोडून बया खुशाल डोळे मिटून बसायची, गाभाऱ्यातल्या देवीसारखी. वर सर सगळ्यांना सांगायचे, "हिच्यासारखं बसा." शेवंताच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ही कधी हलते, कधी चुळबुळते, ते पकडायला ती रोज एक डोळा किलकिला ठेवून तिच्या तोंडावर नजर रोखून बसायची.

नवव्या दिवशी मात्र तिला राहवेना. ती जावेच्या कानाशी लागली. "प्रियंके, तुला ह्यातलं कंचं मानवलं गं?"

प्रियंका मिटल्या डोळ्यांनीच हसली. "कंचंच न्हाई, जाऊबाई. तुमचा एक डोळा उघडा असतुया, ते मी पहिल्याच दिशी बघितलं. पोरीकडं तुमचं लक्ष हाय म्हनल्यावर मला कसला घोर?"

नऊ दिवसांत पहिल्यांदाच शेवंताची नजर पोरीला शोधू लागली. पोर समईपाशी उभी होती, आणि तिचा हात ज्योतीकडं निघाला होता.